डॉक्टरीणबाईंची फुली

बाईंनी मला कामावर ठेवून घेतलं त्या दिवशी आधी माझे दोन्ही हात उलटेसुलटे करून पाहिले, नखं पाहिली, आणि मग म्हणाल्या, "तोंड उघडा." मला वाटलं, तब्येत तपासताहेत. तंबाखू खात नाही असं मी अर्जात लिहिलं होतं, ते खरं आहे की नाही एवढंच त्यांना बघायचं होतं, हे महिन्याभराने कळलं.

डॉक्टर वत्सलाबाईंचा दवाखाना वैनगंगेच्या अलीकडे, गडचिरोलीच्या बाजूला होता. तेव्हा चांदा जिल्हा सगळा एकच. नदीवर पूल नव्हता. पलीकडे मूल गावावरून चांद्याला जायचं तर घाटावरच्या नावेतून, आणि मोटार असेल तर दोन नावा बाजूबाजूला बांधून त्यावर फळ्या टाकलेल्या जोडनावेतून. पन्नासनंतरच्या त्या सात वर्षांत मी बाईंचा कंपाउंडर होतो. ब्रह्मपुरीहून आलेला, पंचविशीतला, आणि आल्याच्या पहिल्या आठवड्यात पळून जायच्या बेतात असलेला.

बाई मूळच्या वर्ध्याकडच्या. बुटक्या, सावळ्या, पांढरं नऊवारी पातळ आणि पायात पुरुषी चपला. केस इतके घट्ट बांधलेले की कपाळाची कातडी ताणलेली दिसे. लग्न केलेलं नव्हतं. का केलं नाही, याबद्दल गावात चार कहाण्या होत्या. मला विचाराल तर त्यांनी एखाद्या स्थळाला "दाखवा" म्हटलं असेल आणि त्याच्याजवळ दाखवायला काही नसेल.

"दाखवा" हा बाईंचा शब्द. ताप उतरला म्हणता? दाखवा. गोळ्या संपल्या? पुडीचा कागद दाखवा. बाटली फुटली? काचा दाखवा. मी एकदा आजी वारल्याची तार आली म्हणून रजा मागितली, तर बाईंनी हात पुढे केला. मी तार दिली. त्यांनी ती उजेडाकडे धरून वाचली, आणि आठ दिवसांची मागितली होती तिथे बारा दिवसांची रजा दिली. वाईट वाटलं असावं. पण तार आधी वाचली, हे मी विसरलो नाही.

आणि फुली. दवाखान्यातल्या प्रत्येक वस्तूवर बाईंची फुली असे. छत्रीच्या मुठीवर, दुधाच्या गडव्यावर, थर्मामीटरच्या नळीवर, बँडेजच्या गुंडाळीच्या आतल्या टोकावर. फुली आणि फुलीच्या उजव्या कोनात एक टिंब. फुली कोणीही मारील, टिंब कोणाला ठाऊक नसतं, असा त्यामागचा हिशेब. कुठल्या वस्तूवर फुली कुठे आहे, हे त्या कोणालाही सांगत नसत. "सांगितली तर ती खूण कसली?" असं म्हणत. ते खरंच होतं. पण त्याचमुळे पुढे एका माणसावर काय प्रसंग आला, ते सांगायचं आहे.

आधी एक कबूल करतो. बाईंचा संशय नुसता खुळा नव्हता. हिवतापाचा मुलूख तो. लोक कोयनेल घ्यायचे आणि कडू म्हणून दाराबाहेर थुंकायचे. म्हणून बाईंनी नियमच केला होता, गोळी त्यांच्यासमोर गिळायची आणि तोंड उघडून जीभ वर करून दाखवायची. कोरचीकडून आलेला एक गोंड म्हातारा एकदा अडून बसला. जीभ दाखवायला तयार होईना. मग म्हणाला, "तू बी खाऊन दाखव बाई. मले काय मालूम, तू काय देऊन राह्यली त!" ओट्यावरचे सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. डब्यातून एक गोळी काढली, पाण्याशिवाय गिळली आणि म्हाताऱ्यापुढे वाकून जीभ वर करून दाखवली. म्हाताऱ्याने नीट निरखून पाहिलं. मग आपली गोळी गिळली. "बरोबर माणूस आहे," बाई मला म्हणाल्या. त्या माणसाबद्दल त्या पुढे नेहमी आदराने बोलत.

दुसरी गोष्ट इंजेक्शनांच्या पेटीची. पेटी बाहेरून आली होती, सील शाबूत होतं. पण आतला कापूस नेहमीसारखा घडी घातलेला नव्हता, कोंबलेला होता. बाईंनी कापूस पाहिला, मला पेटी उचलायला सांगितली, घाटावर गेल्या आणि अख्खी पेटी नदीच्या मधल्या धारेत टाकायला लावली. मी हळहळलो. नावाडी तर डोक्याला हात लावून बसला. ती इंजेक्शनं चांगली होती की वाईट, ते कोणाला कधीच कळलं नाही. बाईंना एकदा शंका आली की त्या वस्तूचं घर नदीच्या मधल्या धारेत, एवढं मात्र गावाला कळलं.

अशा बाईंचा एकाच माणसावर विश्वास होता. कवडूभाऊ. बाईंकडे मोटार येण्याआधी कवडूभाऊच्या बैलगाडीतून त्या गावोगाव फिरल्या. साठीतला धुरकरी, अंगावर पंचा, कानात बिडी. पहिल्याच वर्षी जंगलात गाडीचा कणा मोडला, तेव्हा बाईंना एका पाड्यावर बसवून हा माणूस औषधांची बॅग डोक्यावर घेऊन पाच कोस पुढे पायी गेला. बॅग देताना बाईंनी तिच्या कडीत आपला एक केस अडकवून ठेवला होता. दुसऱ्या दिवशी पाहिला, तर केस जागच्या जागी. त्या दिवसापासून कवडूभाऊला बाईंनी कधी "दाखवा" म्हटलं नाही. हे त्यांनीच मला सांगितलं, आणि सांगताना चक्क लाजल्या.

कवडूभाऊचा एक नेम होता. गाडीच्या साट्याखाली बांबूचं नळकांडं टांगलेलं, त्यात मोहाच्या बियांचं तेल, म्हणजे आमच्याकडे ज्याला टोळीचं तेल म्हणतात ते, आणि तेलात बुडवलेलं मोराचं पीस. गाडी निघण्याआधी दोन्ही चाकांना त्या पिसाने तेल द्यायचं. त्यात कधी खंड नाही. चाक वाजत असलेली गाडी रस्त्यात दिसली तर तो परक्याची गाडी थांबवून तेल देई. वर त्या माणसाला सुनावी, "बैलाले काऊन तरास देतेस बे? गाडी रडून राह्यली ते आयकू येत नाई का तुले?"

बाईंनी एका लाकडाच्या ठेकेदाराकडून जुनी विलायती मोटार घेतली आणि स्वतः चालवायला शिकल्या. बाई माणूस मोटार चालवते म्हणून पहिले सहा महिने लोक शेतातली कामं टाकून बांधावर येऊन उभे राहत. मोटारीचं काम करीमभाई मिस्त्रीकडे असे. बाजाराच्या तोंडाशी त्याची टिनाची शेड होती. उंच, वाकलेला, कमी बोलणारा माणूस. आसपासच्या ठेकेदारांचे ट्रक, दोन सर्व्हिस मोटारी, सगळं त्याच्याच हातचं.

घाटाचा उतार ही आमच्याकडची मोठी परीक्षा. काठावरून नदीपर्यंत सरळ घसरती वाट आणि खाली जोडनावेच्या दोन फळ्या. मोटार फळ्यांवरून नावेवर चढवायची आणि नावेच्या मध्येच थांबवायची. पुढे गेली की नदी. म्हणून घाटाचा रिवाज असा, की सगळ्यांनी वर उतरायचं, मोटारीत फक्त चालवणारा, आणि मागे एक माणूस दगड घेऊन चालणार. बाई मोटारीत स्वतःचा दगड ठेवत. त्यावरही फुली होती.

साहजिकच बाईंचा जीव ब्रेकात. नागपूरला गेल्या तेव्हा त्यांनी स्वतः पारखून ब्रेकचे नवे पट्टे आणले होते. चाकाच्या आत लोखंडी डबा असतो, त्यात दोन कमानी, आणि त्या कमानींवर हे पट्टे रिबिटांनी ठोकलेले. पाय दाबला की कमानी फाकतात, पट्टे डब्याच्या आतल्या अंगाला घासतात आणि चाक थांबतं. ते पट्टे करीमभाईने बसवले. दोन वर्षं बरी गेली. मग ब्रेक सैल वाटायला लागला. बाई शेडमध्ये जाऊन उभ्या राहिल्या, चाक काढायला लावलं, डबा काढायला लावला आणि चष्मा लावून वाकून पाहिलं.

पट्टे झिजून रिबिटांच्या डोक्यापर्यंत आले होते. बाई उठल्या त्या पांढऱ्याफटक होऊन.

"करीमभाई, हे माझे पट्टे नाहीत."

"बाई, तुमचेच होत. मीच लावलेते."

"माझ्या पट्ट्यांवर खूण होती. ती कुठं आहे? दाखवा."

करीमभाईने इकडेतिकडे पाहिलं. कसली खूण, कुठे केली होती, त्याला काय माहीत? "कुठी केलती खूण?" त्याने विचारलं. बाई सांगेनात. सांगितली तर हा आता काहीतरी बनवून दाखवील, हा संशय. "मी झूट काऊन बोलू बाई? तुमी रोज त्या घाटावर जाता. तुमचे पट्टे मी बदलन का?" तो म्हणाला. बाजाराचा दिवस होता. शंभर माणसं ऐकत होती. बाईंनी सगळ्यांसमोर सांगितलं, माझा माल काढून जुना घातला, यापुढे माझ्या मोटारीला या माणसाने हात लावायचा नाही.

बाईंचा शब्द म्हणजे आमच्या भागात पक्का कागद. संशयी आहेत, पण खोटं बोलत नाहीत, हे सगळ्यांना ठाऊक. महिन्याभरात ठेकेदारांनी ट्रक दुसरीकडे न्यायला सुरुवात केली. करीमभाई शेडच्या दारात रिकामा बसलेला दिसे. चांद्याला एका भाच्याकडे निघून जायचं म्हणतो आहे, असं कानावर आलं. त्याच्या धाकट्या मुलीला घेऊन त्याची बायको दवाखान्यात यायची, तीही यायची बंद झाली. मला खरं काय ते माहीत नव्हतं. पण मीही त्याच्यासमोरून जाताना मान खाली घालू लागलो. संशयाची अशी लागण होते, की त्या दिवसांत मी घरी बायकोने दिलेला चहासुद्धा एकदा हुंगून पाहिला. तिने कप काढून घेतला, ते बरंच केलं.

आता पट्टे बदलणार कोण? बाईंनी ठरवलं, मी बदलीन. नव्याने नागपूरहून पट्टे मागवले. मोटारीबरोबर आलेलं इंग्रजी पुस्तक होतं, ते चार संध्याकाळी वाचलं. मग एका रविवारी दवाखान्याच्या अंगणात पांढरं कापड अंथरलं, त्यावर पाने आणि हातोड्या लहानमोठ्या क्रमाने मांडल्या, आणि मला म्हणाल्या, "कंपाउंडर, तुम्ही वाचा. मी करते. एक ओळ वाचायची आणि थांबायचं."

मागच्या चाकांना पुढून आणि मागून दगड लावले. पुढच्या चाकाच्या चाक्या, म्हणजे नट, चाक जमिनीवर असतानाच सैल केल्या, कारण चाक उचलल्यावर ते हाताबरोबर फिरतं, असं पुस्तकात होतं. जॅकखाली फळी घातली. काढलेली प्रत्येक चाकी ऑपरेशनच्या तसराळ्यात, काढली त्या क्रमाने. डबा गंजून बसला होता, निघेना. बाईंनी लाकडी ठोकळा धरून चहूबाजूंनी हलकेच ठोकला, तेव्हा सुटला. कमानी ओढून धरणाऱ्या स्प्रिंगा काढायला त्यांनी दवाखान्यातला चिमटा घेतला. पहिली स्प्रिंग सटकून कवडूभाऊच्या टोपलीत जाऊन पडली. तो भिंतीशी बसून हे सगळं बघत होता. "हे त जित्तं आहे बाई," तो म्हणाला.

एका बाजूचं सगळं बसेपर्यंत दुसरी बाजू उघडायची नाही, म्हणजे विसरलं तर बघायला एक राहतं, हे बाईंना फार आवडलं. त्यांच्या स्वभावाचंच होतं ते. चांभाराची ऐरण आणून तिच्यावर कमान ठेवली आणि तांब्याच्या रिबिटा मधल्यापासून सुरू करून दोन्ही टोकांकडे ठोकत नेल्या. पट्ट्याला कुठे फट राहता कामा नये. पहिल्या पट्ट्याला राहिली, तो बाईंनी उपटून पुन्हा ठोकला. अंगठा सुजला. दुपारी जेवल्या नाहीत. आणि पट्टे आत जाण्याआधी मला पाठ फिरवायला लावून त्यांनी सुईने आपली फुली मारली. कुठे, ते मी पाहिलं नाही. खोटं कशाला सांगू, चोरून पाहिलं. पट्ट्याच्या वरच्या तोंडावर मारली होती.

सूर्य कलायच्या आत काम झालं. चाक हाताने फिरवलं की किंचित घासल्याचा आवाज यावा, इतपत ताण बाईंनी मागच्या लहानशा भोकातून पान्याने धरला. त्या भोकाचं रबरी झाकण तेवढं हरवलं. मोटार रस्त्यावर नेली, जोरात ब्रेक दाबला. मोटार जागच्या जागी उभी राहिली. मात्र अशी किंचाळली की झाडावरची माकडं पळाली. बाई खाली उतरल्या आणि पहिल्यांदाच मी त्यांना हसताना पाहिलं. सगळे दात दिसत होते.

नवे पट्टे काही दिवस ओरडतातच. तीन आठवडे बाईंची मोटार गावातून किंचाळत जाई. बाईंना त्याचं काही नव्हतं. त्रास होत होता तो कवडूभाऊला.

दिवाळी होऊन गेली होती. हलका, म्हणजे लवकर येणारा, धान निघाला होता, तणशीच्या, म्हणजे भाताच्या पेंढ्याच्या, गाड्या वाटेने चालल्या होत्या. एका सकाळी एक पहिलटकरीण अडली. मूल आडवं होतं, चांद्याच्या दवाखान्यात न्यायलाच हवं होतं. मी मोटारीत चादरी घालत असताना कवडूभाऊ जवळ येऊन म्हणाला, "कंपोंडरभाऊ, आता नाई बोंबलत बाईची गाडी. काल बंद केला म्या आवाज." माझं लक्ष चादरीत. "बरं झालं," असं काहीतरी मी बोललो.

बाईंनी फाटकाशी नेहमीप्रमाणे ब्रेक दाबून पाहिला. सपाटीवर, हळू चालीत मोटार थांबली. आवाज आला नाही. "बसले वाटतं पट्टे," बाई म्हणाल्या. आयुष्यात तेवढ्या एकाच गोष्टीबद्दल त्यांना शंका यायला हवी होती, आणि तेवढीच त्यांना आली नाही.

घाटावर रिवाजाप्रमाणे मी आणि त्या पोरीचा नवरा उतरलो. तिला उतरवणं शक्य नव्हतं. मी बाईंचा दगड घेऊन मागे. मोटार उताराला लागली आणि मला दिसलं की ती थांबत नाही. बाईंचा पाय दाबलेला होता, हातातला ब्रेक वर ओढलेला होता, मागची चाकं रेतीत घसपटत होती आणि पुढची मजेत फिरत होती. मी दगड टाकला, तो बाजूला उडाला. खाली जोडनाव, नावेवरचे लोक उठून उभे राहिलेले. बाईंनी ओरडासुद्धा केला नाही. नावेला लागण्याआधी डाव्या अंगाला तणशीची एक भरली गाडी सोडून ठेवली होती. बाईंनी मोटार तिच्यात घातली.

मी धावत पोचलो तेव्हा मोटार अर्धी तणशीत होती आणि बाई मागचं दार उघडून त्या पोरीची नाडी पाहत होत्या. त्यांच्या कपाळातून रक्त येत होतं. "खाट आणा," एवढंच बोलल्या. खाटेवरून तिला नावेत नेलं, पलीकडून एका ट्रकमधून चांद्याला. मूल आणि आई दोन्ही वाचली. बाई तिसऱ्या दिवशी परत आल्या. तोवर मोटार कवडूभाऊच्या बैलांनी ओढून दवाखान्यात आणली होती.

घाटावर एकच बोललं जात होतं, करीमभाईने काहीतरी करून ठेवलं. त्या मोटारीला त्याचा दोन महिने हात लागला नव्हता, तरी लोक बोलतच होते. कोणी तर त्याच्या शेडच्या टिनावर दगड मारून आलं. मला भीती वाटली, की बाईही तेच म्हणणार.

बाईंनी कपाळावरची पट्टी वर सरकवली आणि स्वतः चाक काढलं. मला फक्त तसराळं धरायला लावलं. डबा निघाला आणि वास आला. टोळीच्या तेलाचा वास आमच्याकडे कोणाला सांगावा लागत नाही. पट्टे तेलाने माखलेले होते, आणि एका रिबिटीच्या खाचेत, झाकण हरवलेल्या त्या भोकातून आत गेलेला, मोरपिसाचा हिरवा-निळा तंतू अडकला होता.

निघायच्या सकाळचं कवडूभाऊचं ते वाक्य मला तेव्हा आठवलं. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. भिंतीशी कवडूभाऊ बसला होता. तीन दिवस त्याने अन्न घेतलं नव्हतं. "बाई वाचल्या, बाई वाचल्या," एवढंच म्हणत होता. चाकाला तेल दिल्याने कोणाचं वाईट होईल, हे त्याच्या स्वप्नातही आलं नसतं.

बाईंनी चिमट्याने तो तंतू उचलला, काडेपेटीत ठेवला, काडेपेटी कमरेला खोचली. मग कापसाने पट्टा पुसायला लागल्या. पुसता पुसता थांबल्या. पट्टा उजेडाकडे धरला, चष्मा काढून पुन्हा घातला. सुईची फुली जेमतेम दिसत होती. टिंब नाहीसं झालं होतं. तीन आठवड्यांत. पट्ट्याच्या ज्या तोंडावर त्यांनी खूण केली होती तेच तोंड डब्याला घासतं, आणि तेच झिजतं. मग दोन वर्षांत त्या पहिल्या खुणेचं काय झालं असेल?

बाई मातीत तशाच बसल्या. मला त्यांची दया आली आणि रागही आला. दोन्ही एकदम.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. बाईंनी कमान जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळली आणि मला बरोबर घेतलं. करीमभाईच्या शेडपुढे सामान बांधून ठेवलेली बैलगाडी उभी होती. बाईंना पाहून माणसं जमली. करीमभाई उठून उभा राहिला. बसा म्हणाला नाही.

"करीमभाई, आज मी दाखवते," बाई म्हणाल्या, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "हे पट्टे मी स्वतः बसवले. खूण मी स्वतः केली. तीन आठवड्यांत गेली. तुमचे पट्टे माझेच होते. मी खोटा आळ घेतला."

करीमभाईने कमान घेतली. अंगठा त्या पुसट फुलीवर फिरवला. "खूण मागच्या अंगाले करा लागते बाई," तो हळूच म्हणाला. "इकडची घासूनच जाते." मग त्याने कमान नाकाशी नेली. त्याचे डोळे एकदम वर आले. "अन् हे तेल?"

गर्दीत मागे कवडूभाऊ उभा होता, कानात बिडी.

"माझ्याच हातचं," बाई म्हणाल्या. "नवखी होते. सांडलं."

खोटं न बोलणाऱ्या बाईंचं मला माहीत असलेलं हे एकच खोटं. करीमभाईने बाईंकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं. टोळीचं तेल आणि मोराचं पीस कोणाकडे असतं, हे त्यालाही ठाऊक होतं. "होते," तो म्हणाला. "नव्या माणसाच्या हातून होते." आणि गाडीवरची अवजारांची पेटी उतरवून घ्यायला लागला. बाईंनी पेटीचं दुसरं टोक धरलं.

त्यानंतर बाई बदलल्या का? अजिबात नाही. चार वर्षं मी रोज पुड्या मोजून दाखवत होतो. करीमभाईने काही बसवलं की बाई वाकून बघत, आणि फुली मागच्या अंगाला मारत. फरक एकच पडला. कवडूभाऊ अंगणात आला, की बाई हातातलं काम सोडून मोटारीशी जाऊन उभ्या राहत आणि तो जाईपर्यंत त्याच्याशी गप्पा मारत. त्याला वाटे, म्हातारपणी बाईंचा आपल्यावर जीव जडला. गावभर सांगत फिरे.

डोळे अधू झाल्यावर बाई वर्ध्याला बहिणीकडे जायला निघाल्या. मोटार करीमभाई चालवणार होता. घाटावर सगळं गाव. बाई उतारावर उतरल्या, स्वतः चारही चाकं पाहिली, दगड माझ्या हातात दिला. एवढ्यात कवडूभाऊ गर्दीतून पुढे आला. हातात ते बांबूचं नळकांडं.

"दूर जाता बाई. एक बार चाकाले देतो," तो म्हणाला, आणि वाकायला लागला.

माझ्या आयुष्यात मी पाहिली नव्हती इतक्या चपळाईने बाई मध्ये आल्या. नळकांडं त्याच्या हातातून काढून घेतलं. "कवडूभाऊ, हे मला द्या. सगळंच द्या. आठवण म्हणून नेते."

म्हाताऱ्याच्या डोळ्यांना पाणी लागलं. करीमभाई मोटारीत बसल्याबसल्या पुढे नदीकडे बघत राहिला, त्याचे खांदे हलत होते. मोटार उतरली, फळ्यांवरून चढली, नावेच्या मधोमध थांबली. बाई मागून चालत गेल्या आणि तिच्या पायरीवर बसल्या. नाव सुटली.

"पाह्यलं का कंपोंडरभाऊ? माह्यं तेल नेलं बाईनं," कवडूभाऊ म्हणाला.

मी हो म्हटलं. मला पुढचं ठाऊक होतं. शंकेच्या वस्तूचं घर मधल्या धारेत. नाव धारेला लागली तेव्हा मी म्हाताऱ्याला बोलण्यात गुंतवायला बघत होतो, म्हणजे त्याला ते दिसू नये. तो हलेना. बाई मांडीवर नळकांडं उभं धरून बसल्या होत्या. धार आली, नाव हेलकावली. नळकांड्याला बोळा नव्हता. तेल सांडू नये म्हणून बाईंनी त्याच्या तोंडावर आपला तळहात ठेवला, आणि पलीकडचा काठ येईपर्यंत तो काढला नाही.